'शक्ती', 'संसर्ग' आणि 'निष्ठा' : एच.आय.व्ही.विषयक प्रबोधनाच्या मराठीची चिकित्सा

१

एखाद्या नव्या रोगाचे ज्ञान समाजाला प्रथम मिळते ते त्या रोगाला दिलेल्या नावांतून आणि त्याच्या वर्णनासाठी निवडलेल्या क्रियापदांतून. वैद्यकाचा सिद्धान्त मागाहून येतो, शब्द आधी पोहोचतो. हा शब्द जर जुन्या अर्थांचे ओझे घेऊन आला असेल, तर सिद्धान्त कितीही अचूक असो, वाचकाच्या मनात तो त्या ओझ्यासकटच उतरतो. एच.आय.व्ही. ह्या विषाणूसंबंधी गेल्या सुमारे चार दशकांत मराठीत भित्तिपत्रके, पुस्तिका, शालेय पाठ, वृत्तपत्रीय लेख आणि रुग्णालयांतील सूचनाफलक ह्यांच्या रूपाने विपुल लेखन झाले. त्याच्या वैद्यकीय यथार्थतेची तपासणी वेळोवेळी झाली असेल. परंतु त्याच्या भाषेची चिकित्सा त्या मानाने उपेक्षित राहिली आहे.

ह्या लेखनाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी : भारतात ह्या विषाणूचे अस्तित्व प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे सिद्ध झाले. ते सिद्ध करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील होत्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची स्थापना झाली. ह्या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात अधिक प्रादुर्भावाची म्हणून जी राज्ये गणली गेली, त्यांत महाराष्ट्र होता. प्रबोधनाची मराठी घडली ती ह्या काळात, आणि बव्हंशी इंग्रजी मजकुरावरून.

ह्या भाषेची कसोटी पाहण्यासाठी मालेगाव डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरते. तेथे हा रोग इतर ठिकाणांहून अधिक आहे असे मुळीच सुचवावयाचे नाही. मालेगावची निवड केवळ तेथील भाषिक स्थितीमुळे करावयाची. मोसम आणि गिरणा ह्या नद्यांच्या काठी वसलेल्या ह्या यंत्रमागांच्या शहरात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकर कुटुंबांची उर्दू नांदते. भोवतालच्या कसमादे पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. शाळा, कचेरी व दवाखाना ह्यांची भाषा प्रमाण मराठी आहे. मुंबई-आग्रा महामार्ग गावावरून जात असल्याने परगावच्या वाहनचालकांची ये-जा अखंड असते. अशा गावातील सूचनाफलक वाचणाऱ्याला प्रमाण मराठीतील संज्ञांची व्याख्या ठाऊक नसते. तो त्या शब्दाचा आपल्या घरातील, शेतातील व कारखान्यातील अर्थ घेऊन फलकासमोर उभा राहतो. म्हणून शब्दाचा शास्त्रीय अर्थ काय, ह्या प्रश्नाइतकाच तो शब्द तेथे कसा ऐकला जातो, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

२

पहिला शब्द 'रोगप्रतिकारशक्ती'. एच.आय.व्ही. ही शक्ती नष्ट करतो, हे प्रबोधनाचे आद्य वाक्य. मराठीत 'शक्ती' ही अंगात असते. ती खाण्यापिण्याने येते, आजारपणाने जाते, शक्तिवर्धक औषधाने परत मिळते, आणि मुख्य म्हणजे ती बाहेरून दिसते. धडधाकट माणसाला कोणी अशक्त म्हणत नाही. मालेगावातील उर्दूभाषकासाठी पर्याय आहे तो 'कुव्वते मुदाफअत' हा, आणि त्यातील 'कुव्वत' म्हणजेही बळ. म्हणजे दोन्ही भाषांनी वाचकाला एकाच वाटेने नेले आहे.

ही वाट चुकीच्या जागी पोहोचवते. विषाणू शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडा ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसतात किंवा दिसतही नाहीत. ती आपोआप ओसरतात. ह्याच काळात रक्तातील विषाणूंची संख्या अत्यंत मोठी असते, आतड्याच्या अस्तरातील प्रतिकारक पेशींचा फार मोठा नाश झालेला असतो, आणि दुसऱ्या व्यक्तीकडे विषाणू जाण्याचा संभवही विशेष असतो. त्यानंतर, उपचार न घेतल्यास, सरासरी आठ ते दहा वर्षांचा काळ असा जातो की माणूस काम करतो, हिंडतो-फिरतो, कुस्तीदेखील खेळू शकेल. शक्तीच्या अर्थाने तो समर्थ असतो, पण त्याची प्रतिकाराची व्यवस्था आतून मोडत असते. 'शक्ती' हा शब्द ही विसंगती नेमकी झाकतो. 'दिसायला तर चांगला आहे' हे लग्न जुळवताना उच्चारले जाणारे वाक्य ह्या शब्दाच्या अर्थाशी पूर्णतः सुसंगत आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

'प्रतिकारव्यवस्था' वा 'प्रतिकारयंत्रणा' हे शब्द अधिक यथार्थ होत. शक्ती खालावते, तर व्यवस्था मोडते. शक्ती किती आहे एवढेच विचारता येते; व्यवस्थेत कोण कोणते काम करतो हेही विचारता येते. हा दुसरा प्रश्न विचारल्याखेरीज ह्या रोगाचे स्वरूप उमगत नाही.

ह्याच प्रकारचा दुसरा घोटाळा 'एड्सची लागण' ह्या रूढ प्रयोगात आहे. लागण होते ती विषाणूची. एड्स ही त्या विषाणूमुळे, उपचाराअभावी, पुढे येणारी अवस्था. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात सीडी-४ नावाच्या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. त्या २००च्या खाली गेल्या, अथवा विशिष्ट संधिसाधू रोग जडले, म्हणजे ती अवस्था आली असे वैद्यक मानते. भारतात ह्या संधिसाधू रोगांत क्षयाचे स्थान पहिले आहे. विषाणू आणि अवस्था ह्यांना एकच नाव देणारे वाक्य वाचकाला असे सांगते की लागण आणि अखेर ह्यांच्यामध्ये काहीच नाही. वस्तुतः उपचाराचे सारे क्षेत्र त्या मधल्या जागेतच आहे.

३

सीडी-४ पेशींना इंग्रजीवरून 'मदतनीस पेशी' किंवा 'साहाय्यक पेशी' म्हटले जाते. मराठीत मदतनीस म्हणजे मुख्य माणसाच्या हाताखालचा. अंगणवाडीत सेविका मुख्य आणि मदतनीस दुय्यम. मदतनीस आला नाही तर काम थोडे अडखळते, बंद पडत नाही. मग अशा पेशी नष्ट झाल्याने शरीर का कोसळावे, हे ह्या नावावरून कळत नाही.

ह्याचे उत्तर मालेगावच्या कारखान्यात अधिक चांगले सापडते. तेथे माग चालवणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, आणि बिघडलेला माग दुरुस्त करून लावून देणारा मुकादम वेगळा. मुकादम स्वतः वारभरही कापड विणत नाही. पण तो काही दिवस आला नाही तर एकेक माग थांबत जातो. सीडी-४ पेशीचे काम ह्या जातीचे आहे. प्रतिपिंडे (जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार करणाऱ्या पेशी निराळ्या, बाधित पेशी मारणाऱ्या निराळ्या, जंतू गिळणाऱ्या निराळ्या; परंतु ह्या सर्वांना कामाला लावणारा इशारा सीडी-४ पेशींकडून येतो. एच.आय.व्ही. नेमका त्यांनाच गाठतो. त्यामुळे इतर पेशी असूनही निष्क्रिय राहतात, आणि एरवी क्षुल्लक ठरणारे जंतू प्राणघातक होतात.

प्रबोधनाने ह्या ठिकाणी सर्रास वापरले आहे ते सैन्याचे रूपक : शरीर हा किल्ला, पांढऱ्या पेशी हे सैनिक, विषाणू हा शत्रू. ह्या रूपकात दोन दोष आहेत. पहिला असा की ते घटनेचे वर्णनच चुकीचे करते. शत्रू तटाबाहेर असतो आणि लढून मरतो किंवा मारतो. हा विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्या घडणीचा भाग होऊन बसतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. युद्धाची भाषा एकदा स्वीकारली की शत्रू आणि शत्रू जिच्या घरी आहे ती व्यक्ती ह्यांतील भेद टिकत नाही. विषाणूविरुद्ध पुकारलेले युद्ध पाहता पाहता शेजारच्या घराविरुद्धचे युद्ध होते.

पेशीत शिरल्यावर घडते ते सांगण्यास मराठीच्या अभ्यासकाला रणांगणावर जाण्याचे कारण नाही. त्याच्या स्वतःच्या क्षेत्रात त्याहून समर्पक प्रतिमा आहे, आणि ती म्हणजे प्रक्षेपाची. पेशीचा डी.एन.ए. ही मूळ पोथी मानली तर विषाणूचा आर.एन.ए. हे बाहेरून आलेले सुटे पान होय. विषाणूचे एक विकर त्या पानावरील मजकूर पोथीच्या लिपीत उतरवते. दुसरे विकर तो पोथीत शिवून टाकते. त्यानंतर पेशी आपली पोथी वाचू लागली की प्रक्षिप्त मजकूरही मुळाइतक्याच निष्ठेने वाचला जातो आणि त्यातून नवे विषाणू निर्माण होतात. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी एकनाथांनी १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, तिची पाठशुद्धी केली. वैद्यकाला पेशीच्या पोथीची तशी पाठशुद्धी अद्याप साधलेली नाही. आजची औषधे लिप्यंतर थांबवतात, शिवण थांबवतात किंवा नव्या विषाणूची अखेरची जुळणी थांबवतात; पण निद्रिस्त पेशींत आधीच शिवले गेलेले पान त्यांना उसवता येत नाही. म्हणूनच गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागते, आणि ती थांबवली की बहुधा काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो. 'बरे वाटते आहे, मग औषध कशाला?' ह्या प्रश्नाला किल्ल्याच्या रूपकात उत्तर नाही. प्रक्षेपाच्या प्रतिमेत ते आहे.

४

प्रसाराच्या वर्णनात तीन शब्द आळीपाळीने येतात : 'संसर्ग', 'बाधा' आणि 'लागण'. ते समानार्थी समजले जातात. तसे ते नाहीत.

'संसर्ग' म्हणजे सहवास, संगत, संपर्क. मुलाला वाईट संसर्ग लागला असे म्हणताना आपण त्याच्या मित्रमंडळाकडे बोट दाखवतो. उर्दू-हिंदीतील 'छूत' तर स्पर्शावरूनच आला आहे. तेव्हा 'ह्या विषाणूचा संसर्ग सहवासाने होत नाही' हे वाक्य शब्दाच्या अंगभूत अर्थाविरुद्ध लढत असते. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एका शौचालयाच्या वापराने वा डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही, हे प्रबोधनाने अथकपणे सांगितले, आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ते इतक्या वेळा सांगावे लागले, ह्याचे एक कारण निवडलेल्या शब्दात होते.

'बाधा' हा शब्द भूतबाधेच्या व दृष्टबाधेच्या पंक्तीतला आहे. बाधा बाहेरून येते आणि ती उतरवता येते. 'बाधित' हे विशेषण आता प्रशासकीय झाले असले, तरी गावात त्याची जुनी संगत सुटलेली नाही.

राहिला 'लागण'. हा तिघांतील सर्वांत जुन्या वळणाचा शब्द. प्लेग-पटकीच्या काळाची भीती त्याला चिकटलेली आहे, हे खरे. पण गिरणेच्या काठच्या शेतकऱ्याला त्याचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे : कांद्याची लागण, उसाची लागण. रोप वाऱ्याने लागत नाही. ते मातीत नेऊन लावावे लागते, आणि माती व ओल मिळाली तरच ते जगते. एच.आय.व्ही.चे वर्तन ह्या अर्थाशी जुळते. तो हवेत, पाण्यात वा वाळलेल्या पृष्ठभागावर तग धरू शकत नाही. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि मातेचे दूध ह्यांतूनच तो जातो. आणि तेही दुसऱ्याच्या रक्तप्रवाहापर्यंत किंवा नाजूक अंतस्त्वचेपर्यंत पोहोचला तरच. लाळ, घाम, अश्रू ह्यांतून तो जात नाही. डासाच्या शरीरात तो वाढत नाही, पचून जातो. म्हणजे ज्या शब्दाला प्रबोधनाने ग्राम्य समजून मागे सारले, त्याच्याच पोटात खरा अर्थ दडलेला होता. तो उलगडून दाखवण्याचे काम तेवढे व्हावयास हवे होते.

येथे क्रियापदाचाही विचार करावा लागतो. मराठीत रोगाच्या वाक्यात रोगी चतुर्थीत असतो : त्याला ताप आला, तिला क्षय झाला. रोगी हा भोक्ता, कर्ता नव्हे. ही आपल्या व्याकरणाची सहज करुणा म्हणता येईल. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र बोलीत 'त्याने आणला', 'तिने दिला' अशी कर्तरी वाक्ये ऐकू येतात. रोगाच्या वाक्यात कर्ता आला की आरोप येतो. आणि आरोप आला की माणूस तपासणीला जात नाही.

५

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द : 'एकनिष्ठ'. 'आपल्या जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' हा प्रबोधनातील बहुधा सर्वाधिक वापरलेला उपदेश. भाषेच्या दृष्टीने पाहता 'एकनिष्ठ' हे एका व्यक्तीचे विशेषण आहे. विषाणूचा मार्ग मात्र दोन व्यक्तींमधून जातो. एकाचा गुण दुसऱ्याच्या रक्ताची हमी देऊ शकत नाही.

ह्या तफावतीची किंमत पुण्यातच मोजली गेली आहे. १९९३ ते १९९६ ह्या काळात पुण्यातील लैंगिक रोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेश्याव्यवसाय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांत एच.आय.व्ही. आढळला. ह्यांतील बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध केवळ पतीशी होता. हे प्रमाण दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे आहे, साऱ्या समाजाचे नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष टळत नाही. ह्या स्त्रियांनी फलकावरील आज्ञा तंतोतंत पाळली होती. फलकाने त्यांना जे सांगितले ते नीती म्हणून निर्दोष असेल, पण माहिती म्हणून ते अपुरे होते.

'एकनिष्ठ राहा' ह्याच्या जागी 'दोघांनीही तपासणी करून घ्या' हे वाक्य काव्यहीन आहे, परंतु खरे आहे. 'निरोध' ह्या शब्दाचीही अशीच कथा. १९६८ पासून शासनाने हे नाव कुटुंबनियोजनाच्या संदर्भात घरोघर पोहोचवले. त्यामुळे त्याचा अर्थ 'मूल होऊ नये म्हणून' असा घट्ट झाला. महाराष्ट्रात स्त्री-शस्त्रक्रियेचा प्रसार मोठा. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या घरात त्या वस्तूचे प्रयोजनच संपलेले असते. पत्नीने तिचा आग्रह धरला तर तो अविश्वासाचा उच्चार ठरतो. शब्दाच्या एका अर्थाने दुसऱ्या अर्थाची वाट अडवल्याचे ह्याहून बोलके उदाहरण विरळाच.

कार्यक्रमाच्या भाषेत वाहनचालक व स्थलांतरित कामगार ह्यांना 'सेतू-लोकसंख्या' म्हटले जाते. महामार्ग आणि माग ह्या दोहोंमुळे मालेगावातील पुष्कळ पुरुष ह्या नावाखाली येतात. सेतू ही जाण्यायेण्याची वाट. तिला स्वतःचे शरीर नसते, तिला रोग होत नाही. ह्या संज्ञेत तो पुरुष रोगी म्हणून दिसत नाही, आणि सेतूच्या अलीकडच्या टोकाला उभी असलेली त्याची पत्नी 'सर्वसामान्य लोकसंख्या' ह्या समुदायवाचक शब्दात विरून जाते.

'आईपासून बाळाला होणारा संसर्ग' हा प्रयोग ह्याच मालिकेतला. भारतीय कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात आई नव्हे तर 'पालक' असा शब्द जाणीवपूर्वक योजला होता, तो पित्याचाही वाटा सूचित व्हावा म्हणून. रूढ मराठीत मात्र आईच उरली. उपचार नसल्यास गर्भारपण, प्रसूती व स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के असतो. योग्य उपचारांनी तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. हा दुसरा आकडा सांगितला नाही तर पहिला आकडा केवळ आईवरचा ठपका ठरतो.

६

व्यक्तीला काय म्हणावे, हा शेवटचा प्रश्न. 'एड्सग्रस्त' हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. तथापि मराठीत दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त ह्या शब्दांना एक नैतिक बाजू आहे : ग्रस्ताचे काही देणे समाजाकडे असते. 'एड्सग्रस्त' मध्ये प्रत्यय तोच राहिला, देणे मात्र नाहीसे झाले. 'पॉझिटिव्ह' ह्या उसन्या शब्दाचे 'सकारात्मक' असे भाषांतर करणाऱ्यांनी तर अनर्थच ओढवून घेतला. अहवाल सकारात्मक आला, हे ऐकून कोणाचाही समज तो चांगला आला असाच होईल. त्यापेक्षा 'रक्तात विषाणू आढळला' हे साधे वाक्य सर्वस्वी पुरेसे आहे.

ह्या प्रश्नाला आता कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे. २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियमाने नोकरी, शिक्षण, उपचार आदी क्षेत्रांतील भेदभावास मनाई केली आहे आणि तपासणीसाठी संमती व गोपनीयता आवश्यक ठरवली आहे.

वैद्यकही पुढे गेले आहे. १ एप्रिल २००४ पासून भारतात शासनाने विषाणुरोधक औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले. एक जोडीदार लागण झालेला व दुसरा नसलेला, अशा १७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात पुण्यातील जोडपीही होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये त्यातून निष्पन्न झाले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही, हे पुढील संशोधनाने पक्के झाले. हे सत्य मराठीत सात-आठ साध्या शब्दांत मावते : विषाणू सापडत नाही, तोवर संबंधातून जात नाही. पण भीतीवर पोसलेल्या शब्दसंग्रहात त्याला अद्याप हक्काची जागा मिळालेली नाही.

सामान्य वाचकाला सोपे हवे असते, सूक्ष्म भेद त्याला पेलत नाहीत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु वर सुचविलेला एकही शब्द कठीण नाही. मुकादम, लागण, पोथी, तपासणी हे सारे वाचकाच्याच घरचे शब्द आहेत. अवघड होते ते परभाषेतील वाक्य संस्कृतप्रचुर संज्ञांत उतरवून त्यावर उपदेशाचा मुलामा देणे, आणि तेच आजवर सोपे म्हणून चालले. 'शक्ती'ने लागण झालेल्याचे आरोग्य दिसण्यावर ठरवले. 'संसर्गा'ने त्याच्या शेजाऱ्याला भयभीत केले. 'निष्ठे'ने त्याच्या पत्नीला हमी दिली, जी देण्याचा अधिकार त्या शब्दाला नव्हता. प्रबोधनाच्या मराठीचा पुढचा मसुदा तयार होईल तेव्हा तो वैद्यकाने तपासावाच. पण मग तो मालेगावसारख्या गावातील एखाद्या मागवाल्याला आणि त्याच्या पत्नीला, दोघांनाही, वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते विचारावे. व्याख्येहून वेगळे जे उत्तर मिळेल, तेथून त्या मसुद्याच्या दुरुस्तीला आरंभ व्हावा.